उंटावरचे शहाणे

संत्र्याच्या आंबिया बहाराची तोड आटोपली, व्यापाऱ्यांचे हिशेब मिटले आणि जानेवारीत मोर्शीची आम्ही नऊ माणसं इजिप्तला निघालो. निघण्याआधी महिनाभर जो भेटेल तो एकच विचारायचा : "तिकडं बाँब फुटते म्हनते, काहून जाऊन राह्यले?" आमच्या शेजारचे दादा, ज्यांच्या भरवशावर हा सगळा घाट घातला होता, ते शांतपणे सांगायचे, "बाप्पा, आपल्या रोडवर काय कमी फुटते?"

दादांचं हे उत्तर थट्टेतलं होतं, पण पुढचे दहा दिवस मी त्यावरच विचार करत राहिलो. परदेशी जाताना माणूस घाबरतो एका गोष्टीला आणि अडकतो दुसऱ्याच गोष्टीत.

बाँबची भीती उगीच आलेली नाही. १७ नोव्हेंबर १९९७ रोजी लक्सरजवळ हातशेपसुत राणीच्या देवळात हल्लेखोरांनी ६२ जणांना मारलं, त्यातले ५८ परदेशी पर्यटक होते. त्या देशाची चूल पर्यटनावर पेटते, त्यामुळे आज प्रत्येक देवळाच्या आणि बऱ्या हॉटेलच्या दारात सामान तपासायची यंत्रं आहेत, आणि पर्यटन पोलीस नावाचं वेगळं खातंच आहे. त्यांचा फोन १२६, रुग्णवाहिकेचा १२३. हे दोन आकडे मी पाकिटातल्या चिठ्ठीवर लिहून ठेवले होते, कारण फोन हरवला की फोनमधला नंबरही हरवतो.

कैरो, लक्सर, अस्वान, तांबड्या समुद्राचा किनारा हा नेहमीचा रस्ता. त्याच्याबाहेर उत्तर सिनाई आणि लिबियाच्या सीमेकडचं पश्चिमेचं वाळवंट लागतं, तिथं हौस म्हणून जायचं नसतं. सप्टेंबर २०१५ मध्ये याच पश्चिम वाळवंटात जेवायला थांबलेल्या पर्यटकांच्या तांड्यावर इजिप्तच्याच लष्करानं दहशतवादी समजून हेलिकॉप्टरमधून गोळीबार केला. १२ माणसं गेली, त्यातले ८ मेक्सिकोचे प्रवासी. तेव्हा कुणी हसतमुख माणूस "रात्री वाळवंटात तंबू ठोकू, परवानगी-बिरवानगी काही लागत नाही" म्हणाला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावावं. निघण्याआधी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाची त्या देशासाठीची ताजी सूचना वाचावी. इजिप्तबद्दल जे खरं ते अल्जीरियाबद्दल असेलच असं नाही, आणि लिबिया तर सध्या फिरायला जायची जागाच नाही.

आता रस्ता. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्री सिंदखेड राजाजवळ समृद्धी महामार्गावर नागपूरहून पुण्याला निघालेली ट्रॅव्हल्स उलटून पेटली आणि २५ जण गेले. त्यानंतर काही दिवस आपल्याकडं लोक गाडीत बसण्याआधी ड्रायव्हरकडं निरखून पाहत होते. मग सवय मोडली. अस्वानहून अबू सिंबेलची देवळं पाहायला जायचं म्हणजे एका बाजूनं २८० किलोमीटरच्या आसपास सरळसोट वाळवंटी रस्ता. गाड्या निघतात पहाटे चारच्या सुमाराला, म्हणजे ड्रायव्हर रात्री कधी झोपला असेल याचा हिशेब आपणच करायचा. दादांनी तो केला. गाडीत बसण्याआधी त्यांनी ड्रायव्हरला खुणेनं विचारलं, झोप झाली का? त्याला वाटलं दादांनाच झोप येतेय, त्यानं उशी आणून दिली. शेवटी गाईडनं मध्यस्थी केली तेव्हा कळलं की पठ्ठ्या आदल्या रात्री उशिरापर्यंत विमानतळावर फेऱ्या मारत होता. दुसरा ड्रायव्हर येईपर्यंत तासभर गेला. आमच्यातल्या दोघांचं तोंड वाकडं झालं, पण पट्टे सगळ्यांनी लावले. दोन शहरांमधला प्रवास रात्री रस्त्यानं करू नये. विमान किंवा आगगाडी घ्यावी. कैरोत उबर आणि करीम ही दोन्ही टॅक्सी-ॲपं चालतात, म्हणजे भाडं आधीच कळतं आणि गाडीचा नंबर फोनमध्ये राहतो.

नंबर म्हटलं की आकड्यांची गोष्ट आलीच. इजिप्तमध्ये पाट्यांवर, नोटांच्या एका बाजूला, बाजारातल्या भावफलकांवर अरबी लिपीतले आकडे असतात. गंमत म्हणजे अरबी लोक त्यांना 'हिंदी आकडे' म्हणतात, कारण ते आपल्याकडूनच तिकडं गेले. म्हणून मराठी माणसाला ते निम्मे ओळखीचे वाटतात, आणि तिथंच गोची होते. त्यांचा दोन-तीन आपल्या दोन-तीनच्या जवळपास आहे. त्यांचा पाच मात्र गोल, हुबेहूब आपल्या शून्यासारखा. शून्य म्हणजे नुसता ठिपका. सहा दिसतो इंग्रजी सातासारखा. सात म्हणजे इंग्रजी व्ही, आठ म्हणजे तोच उलटा. मी पहिल्याच दिवशी फळवाल्याच्या पाटीवर १५ ला १० वाचून वाद घातला आणि तो बिचारा खरं बोलत होता. विमानात बसल्या बसल्या हे दहा आकडे पाठ करायला पाऊण तास पुरतो. मोरोक्को आणि ट्युनिशियात ही अडचण नाही, तिकडं आपले नेहमीचे इंग्रजी आकडेच चालतात.

आकडा नीट वाचता आला की नोटांचा खेळही कळतो. तिथल्या पाउंडाचे १०० पियास्टर होतात, आणि ५० पियास्टरचीही कागदी नोट असते. घाईत ५० पाउंडांच्या जागी ती हातात टेकवतात. दुसरा प्रकार म्हणजे तुम्ही दिलेली मोठी नोट सफाईनं बदलून "तुम्ही मला हीच दिलीत" म्हणून छोटी परत दाखवणं. देताना नोटेचा आकडा मोठ्यानं म्हणायचा, एवढा साधा उपाय. शिवाय जुन्या प्रवासवर्णनांतले भाव विसरा. मीना प्रभूंचं 'इजिप्तायन' देश समजून घ्यायला अजूनही वाचावं, पण ६ मार्च २०२४ ला सरकारनं पाउंड मोकळा सोडला तेव्हा एका डॉलरला ३१ च्या आसपास मिळणारे पाउंड एकदम ५० च्या घरात गेले. कालपरवाचा भावही आज कामाचा नाही.

आता खऱ्या दुखण्याकडं येतो. पर्यटकाला तिथं सर्वांत जास्त कशानं लुटलं जात असेल तर ते त्याच्या भिडेनं. चोरीमारी फारशी नाही, निदान आम्हाला दिसली नाही. एक माणूस हसत येतो, "इंडिया? अमिताभ बच्चन!" म्हणतो, खांद्यावर रुमाल टाकतो, "गिफ्ट, गिफ्ट" म्हणतो. पाच मिनिटांनी त्या गिफ्टचे पैसे मागतो. दुसरा सांगतो, म्युझियम आज नमाजापर्यंत बंद आहे, तोवर माझ्या भावाचं अत्तराचं दुकान पाहा. म्युझियम उघडंच असतं. तिसरा देवळाचा राखणदार, बोटानं खुणावून अंधाऱ्या कोपऱ्यात नेतो, एक कोरीव चित्र दाखवतो आणि हात पुढं करतो. 'पपायरस' म्हणून विकतात तो कागद पुष्कळदा केळीच्या पानांचा असतो.

हे सगळं मला नवीन नव्हतं, आणि दादांना तर अजिबात नव्हतं. मोर्शी-वरुडच्या पट्ट्यात ज्यानं संत्र्याची बाग एकदा विकलीय त्याला जगातला कोणताही बाजार घाबरवू शकत नाही. व्यापारी बागेत येतो, चार झाडांखालून फिरतो, एक फळ तोडून बोटानं दाबतो आणि उसासा टाकतो. नागपूरला भाव पडला म्हणतो. बांगलादेशानं आयात शुल्क वाढवलं म्हणतो, त्यात तथ्यही असतं, म्हणून तर ते ऐकून पोटात गोळा येतो. मग इसार काढून हातात ठेवायला बघतो. इसार हातात पडला की बोलणी संपली, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून जाणता बागायतदार काय करतो? हात मागं बांधून उभा राहतो.

गिझाला दादा तसेच उभे राहिले. हात पाठीमागं. रुमाल खांद्यावर पडला तो खाली घसरू दिला, उचलून परत दिला, तोंडातून एक शब्द नाही. हातात काही घेतलंच नाही तर सौदा होणार कुठून? 'दलाल' हा शब्द अरबीच आहे. 'हिशेब' त्यांचा, 'दुकान' त्यांचं, 'साबण' त्यांचा. 'खलास' तर तिथं दिवसातून शंभरदा कानावर पडतो, "पुरे, संपलं" या अर्थानं. आणि बक्षीस. फारसीतून निघून तो शब्द एका वाटेनं मराठीत आला, दुसऱ्या वाटेनं कैरोत गेला. आपल्याकडं तो शाळेतल्या पेल्यात जाऊन बसला, तिकडं पुढं केलेल्या तळहातावर राहिला. पाच-दहा पाउंडांच्या सुट्या नोटा खिशात वेगळ्या ठेवाव्यात, सामान उचलणाऱ्याला, स्वच्छतागृह राखणाऱ्याला द्याव्यात, त्यात लाज नाही, त्यांचं पोट त्यावर आहे. बाकीच्यांना "ला, शुक्रन" म्हणजे "नको, धन्यवाद" एकदाच म्हणायचं, आणि चालत राहायचं. थांबून समजावून सांगायला गेलं की संपलं.

एवढं सगळं मला ठाऊक असून फसलो मीच. पिरॅमिडपाशी उंटवाल्यानं भाव सांगितला, मी घासाघीस करून निम्म्यावर आणला, मोठ्या ऐटीत चढलो. उंट उठला तसा मी आठ-नऊ फुटांवर पोहोचलो. फेरी संपली. उंट काही बसेना. खालून मालक म्हणाला, ठरलं ते चढण्याचं होतं, उतरण्याचे पैसे वेगळे. मराठीत उंटावरचा शहाणा म्हणतात तो नेमका मीच, आणि खाली आमच्या मंडळाचे आठ जण हसून हसून लोळायचे बाकी. दादा पुढं आले, त्यांनी ना आवाज चढवला ना पाकीट काढलं. दूर उभ्या असलेल्या पर्यटन पोलिसाकडं पाहून फक्त हात वर केला. उंट लगेच बसला. नंतर दादा एवढंच बोलले, "बाग विकताना तोडनावळ कोनाकडं, हे आधी ठरवतेत नं भाऊ." बरोबरच. भाव ठरवताना चढणं, उतरणं, परत आणून सोडणं, किती माणसांचे, कोणत्या देशाचे पाउंड, सगळं एका दमात बोलून घ्यायचं. इजिप्तमध्ये 'पाउंड' ठरवून शेवटी ब्रिटिश पाउंड मागणारेही भेटतात.

बायकांना त्रास आहे, हे झाकून उपयोग नाही. टक लावून बघणं, मागं मागं येणं, शेरे मारणं. २०१४ साली तिथं लैंगिक छळ हा कायद्यानं गुन्हा ठरला, पण बाजारातल्या गर्दीत कायदा लगेच धावून येत नाही. आमच्याबरोबरच्या तिघींनी सालबर्डीच्या यात्रेची पद्धत ठेवली. महाशिवरात्रीला सातपुड्यातल्या त्या डोंगरवाटेवर बाया कशा तिघी-चौघी मिळून चालतात, चुकामूक झाली तर कुठं भेटायचं ते आधी ठरवतात, पैसे पदराच्या गाठीत असतात, तसंच. कैरोच्या मेट्रोत बायकांचे वेगळे डबे आहेत, त्यातच बसावं. कुणी अंगचटीला आलं तर दबक्या आवाजात नाही, सगळा बाजार वळून पाहील अशा आवाजात ओरडावं. शब्द मराठी असले तरी चालतात. आमच्या वहिनींनी खान-अल-खलिलीच्या बाजारात एकाला जे ऐकवलं ते छापण्यासारखं नाही, पण आजूबाजूच्या दुकानदारांनीच त्या पोराला हाकललं.

औषधांची गोष्ट मात्र थट्टेवारी नेण्यासारखी नाही. आपल्याकडं कंबरदुखीला मेडिकलवाला चार गोळ्या कात्रीनं कापून पुडीत बांधून देतो. नाव नाही, चिठ्ठी नाही. २०१७ मध्ये हुरघडाच्या विमानतळावर एका ब्रिटिश बाईच्या पिशवीत ट्रामाडोल या वेदनाशामकाच्या २९० गोळ्या सापडल्या. पाठदुखीसाठी नेतेय असं ती सांगत राहिली. तीन वर्षांची शिक्षा झाली. ट्रामाडोल तिथं अमली पदार्थात मोडतं, आणि २०१८ पासून आपल्याकडंही. वेदनाशामक, झोपेच्या गोळ्या, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध यांतलं काही नेणार असाल तर मूळ वेष्टन, औषधाचं शास्त्रीय नाव असलेली डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी, आणि प्रवासापुरताच साठा हवा. आधी इजिप्तच्या दूतावासात विचारून घेतलेलं सर्वांत बरं. दुबई-शारजामार्गे जाणार असाल तर आणखी एक : संयुक्त अरब अमिरातीत खसखस निषिद्ध आहे. म्हणजे आईनं डब्यात भरलेले अनारसे घरीच खाऊन निघायचं. अदिस अबाबामार्गे तिकीट स्वस्त पडतं, पण इथिओपिया पीतज्वराच्या यादीत आहे, तेव्हा लशीच्या दाखल्याचं आधी विचारून घ्या. ड्रोन तर नेऊच नका, विमानतळावरच जमा होतो, मोरोक्कोतही. पूल, धरणं, तपासनाके, लष्कराच्या गाड्या यांच्यावर कॅमेरा रोखायचा नाही. अस्वानच्या मोठ्या धरणावर दादांना याचंच दुःख झालं. आपल्या सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणाची तेरा दारं ज्यानं पावसाळ्यात उघडलेली पाहिलीत, त्याला नाईलवरचा तो दगडमातीचा डोंगर धरण वाटतच नाही. "दारं कोठी हायेत याले?" म्हणत त्यांनी फोन काढला, तो मी खिशात घालायला लावला.

उन्हाचं वऱ्हाडी माणसाला काय सांगायचं! जून २०२४ मध्ये अस्वानचा पारा ५० च्या जवळ गेला होता. जानेवारी-फेब्रुवारीत जावं, आणि गेलात तरी कोरड्या हवेत घाम जागच्या जागी वाळतो, तहान कळत नाही, हे लक्षात ठेवावं. पाणी बाटलीबंद, झाकणाचं सील बघून. बर्फ आणि कापलेलं सॅलड टाळावं. शाकाहाऱ्यांनी कुशारी मागवावी : भात, मसूर, वर तळलेला कांदा. आपल्या खिचडीचीच ती नात असं म्हणतात, आणि ती गरम येते, हे जास्त महत्त्वाचं. नाईलच्या कालव्यांत पाय सोडून बसायचा मोह होईल. बसू नका. तिथल्या गोगलगाईंमधून बाहेर पडणारा एक सूक्ष्म जंत कातडीतून शिरतो. थिओडोर बिल्हार्झ या जर्मन डॉक्टरानं तो १८५१ साली कैरोतच शोधून काढला. पुढं त्या जंतानं होणाऱ्या रोगावर सरकारनं गावोगाव इंजेक्शनं दिली, पण सुया नीट उकळल्या गेल्या नाहीत, आणि त्यातून हेपॅटायटिस सी घरोघर गेला. इलाजानंच रोग पसरवल्याची इतकी मोठी उदाहरणं थोडी. अलीकडं त्याच देशानं कोट्यवधी लोकांची तपासणी करून तो आटोक्यात आणला, याचंही श्रेय द्यायला हवं. भटकं कुत्रं चावलं तर घरी जे करतो तेच : पंधरा मिनिटं साबणाच्या पाण्यानं जखम धुवायची आणि त्याच दिवशी लस. प्रवास विमा नसेल तर दवाखान्याच्या दारात आधी पैसे भरा म्हणतात.

पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांत तक्रार, मग कैरोतला भारतीय दूतावास. तिथून भारतात परतण्यापुरता तात्पुरता दाखला मिळतो. पासपोर्टची एक प्रत बॅगेत, एक घरच्यांच्या फोनवर ठेवावी. एटीएमचा पिन चिठ्ठीवर लिहायचाच असेल तर रिद्धपूरची युक्ती करावी. आमच्याच तालुक्यातलं हे महानुभावांचं गाव, आणि त्यांनी आपल्या पोथ्या परक्याला वाचता येऊ नयेत म्हणून सांकेतिक लिपीत उतरवल्या. चार आकड्यांसाठी एवढी विद्या नको, पण उलटे लिहायला काय हरकत आहे?

आता पाणी आणि आभाळ. लक्सरला पहाटे फुगे उडतात, फार सुंदर दिसतं. २६ फेब्रुवारी २०१३ ला त्यातला एक उतरताना पेटला आणि २१ जणांतले १९ गेले. तांबड्या समुद्रात नोव्हेंबर २०२४ मध्ये पाणबुड्या पर्यटकांची एक मोठी बोट बुडाली. मार्च २०२५ मध्ये हुरघडाला पर्यटकांची पाणबुडी बुडून सहा रशियन गेले. यांतल्या प्रत्येकाच्या तिकिटावर काहीतरी परवाना क्रमांक असणारच.

अस्वानला शेवटच्या संध्याकाळी शिडाच्या नावेतून फिरायचं ठरलं होतं. फेलुका म्हणतात तिला. सूर्य पलीकडच्या वाळूत उतरत होता, पाणी तांबूस झालं होतं, सगळे घाईत. दादा काठावरच थांबले आणि नावेतली तारणजाकिटं मोजू लागले. सहा निघाली. आम्ही नऊ. नावाडी हसला, नाईल शांत आहे म्हणाला, आणि ते खरंही होतं.

आमची वर्धा नदीसुद्धा शांतच दिसते. १४ सप्टेंबर २०२१ ला आमच्या शेजारच्या वरुड तालुक्यात, झुंज इथं, दशक्रियेच्या निमित्तानं जमलेले नातेवाईक नावेत बसले आणि नाव उलटली. अकरा माणसं गेली. त्या दिवसांत इकडच्या गावांतल्या कुठल्याही पारावर दुसरा विषय नव्हता. दादांना ते आठवलं की आणखी काही, मला माहीत नाही. ते नावाड्याला काही बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "साहाजण जा. तिघं आमी थांबतो."

दादा, मी आणि आमच्यातले सर्वांत म्हातारे काका मागं राहिलो. नाव पांढरं शीड फुगवून बेटाकडं निघून गेली. काठावर टपरी होती, तिथं काचेच्या ग्लासात चहा मिळाला. दूध नव्हतं, पुदिना होता, साखर मात्र आपल्याकडच्यासारखीच भरमसाट. टपरीवाल्यानं तीन बोटं दाखवून भाव सांगितला. दादांनी आधी विचारलं, ग्लासचे की तिघांचे मिळून.